तारामतीच्या मिशा

एखाद्या नव्या मराठी मालिकेच्या प्रोमोत ओळखीची गोरी अभिनेत्री काळी होऊन आली, की आपल्याकडे एक ठरीव भांडण सुरू होतं. एक गट 'ब्लॅकफेस, ब्लॅकफेस' म्हणून ओरडतो, म्हणजे अमेरिकेत गोरे नट तोंड काळं करून काळ्यांची सोंगं काढायचे तोच हा प्रकार. दुसरा गट म्हणतो, अहो, अभिनय आहे तो, उद्या आंधळ्याच्या भूमिकेला आंधळाच शोधणार का? चार दिवस हीच दोन वाक्यं इकडून तिकडे फेकली जातात आणि पाचव्या दिवशी मालिका सुरू होते. २०१९च्या अखेरीस हेच झालं. हिंदीत 'बाला' आला, त्यात भूमी पेडणेकरचा चेहरा मेकअपने काळा केलेला. त्याच सुमारास स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' सुरू झाली. तिची नायिका काळी म्हणून जागोजागी अपमान सोसते, आणि ते काम करणारी अभिनेत्री मूळची गोरी. मालिका २०२३पर्यंत चालली. भांडण तेवढं टिकलं नाही.

मला वाटतं, दोन्ही गट चुकीच्या बांधावर भांडताहेत. गोरीने काळीचं काम करूच नये असा नियम मला नको आहे. पण गालावरचा तो रंग म्हणजे गैरहजेरीची नोंद आहे. ज्या बायकांना कॅमेऱ्यासमोर उभं राहू दिलं नाही, त्यांची हजेरी दुसरीच्या तोंडावर लावलेली असते. हे समजायला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. नाशिकच्या दादासाहेब फाळक्यांपर्यंत गेलं तरी पुरतं.

आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते देऊन टाकते. अमेरिकेत १८३०च्या आसपास थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून 'जिम क्रो' नावाच्या काळ्या माणसाचं सोंग काढायचा. वेडावाकडा नाचायचा, गोरे प्रेक्षक खदखदा हसायचे, आणि पुढे त्या सोंगाचंच नाव तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांना चिकटलं. आपल्या मालिकेत काळ्या सुनेला कोणी हसत नाही. उलट साडेसातला टीव्हीसमोर बसलेल्या बायका तिच्यासाठी पदराने डोळे टिपतात. हा फरक लहान नाही.

दुसरंही खरं आहे. तिकडे कातडीचा रंग वंशाची खूण मानला गेला. आपल्याकडे एकाच आईच्या पोटची एक मुलगी केतकीसारखी आणि पाठची बुक्क्यासारखी असू शकते. इंग्रज अधिकारी रिस्लीसाहेबाने नाकांची मापं घेऊन जातींमागे वंश आहेत असं मांडलं, आणि पुढे तोच १९०१च्या जनगणनेचा प्रमुख झाला. ते मत बाबासाहेबांनी १९३६च्या जातिनिर्मूलनावरच्या आपल्या न झालेल्या भाषणात खोडून काढलं. पंजाबातला ब्राह्मण वंशाने पंजाबातल्याच अस्पृश्याच्या रक्ताचा, मद्रासचा ब्राह्मण मद्रासच्याच अस्पृश्याच्या रक्ताचा, मग जात म्हणजे वंश कसा, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. तेव्हा 'रेस' हा शब्द उचलून इथे जसाच्या तसा बसवणाऱ्यांनी निदान बाबासाहेबांना उत्तर द्यावं.

पण म्हणून 'अमेरिकेतलं इथे आणू नका' हे तुणतुणं मला पटत नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवलं म्हणून. नव्याण्णव वर्षांनी मुंबईतल्या पोरांनी 'दलित पँथर' काढली तेव्हा नाव कुठून घेतलं? अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरूनच. तुलना आपण कधीपासून करतो आहोत. प्रश्न एवढाच, की परक्या शब्दाने आपलं दुखणं दिसतं की झाकलं जातं. 'ब्लॅकफेस' म्हटलं की माझ्या मते ते झाकलं जातं, कारण त्या शब्दाला आपला शब्द आहे आणि तो जास्त बोलका आहे: काळं फासणं. आपल्याकडे तोंड काळं करणं ही शिक्षा आहे. गुन्हेगाराची धिंड काढायची तर आधी त्याला काळं फासायचं. राजकीय कार्यकर्ते अजूनही शाईची बाटली घेऊन निघतात. ज्या भाषेत काळं तोंड म्हणजे बेअब्रू, त्या भाषेतला प्रेक्षक काळ्या नायिकेकडे कसा पाहणार? काही गुन्हा नसताना जन्मतःच शिक्षा झालेली बिचारी, असंच. मालिकेतली सहानुभूती इथून येते. ती खरी असते, पण शिक्षा चुकीच्या माणसाला झाली एवढंच ती म्हणते. काळेपण ही शिक्षाच, याबद्दल तिचं काही म्हणणं नसतं.

आता अभिनयाचा मुद्दा. हा समोरच्यांचा हुकमाचा एक्का, आणि तो फाळक्यांच्या काळापासून खेळला जातोय.

१९१२ साली फाळके 'राजा हरिश्चंद्र'च्या तयारीला लागले तेव्हा त्यांना तारामती मिळेना. जाहिराती देऊन झाल्या. घरंदाज बाई येणं शक्यच नव्हतं, पण शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनीही नकार दिला. सिनेमात तोंड दाखवणं त्यांनाही कमीपणाचं वाटलं. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा सडपातळ, नाजूक हातांचा अण्णा साळुंके नावाचा पोरगा फाळक्यांच्या नजरेला पडला आणि ३ मे १९१३ला मुंबईने तारामती म्हणून त्याला पाहिलं. बायकी कामं करणाऱ्या नटांच्या मिशांवरून फाळक्यांची काय तारांबळ उडाली याचे किस्से सांगतात: वडील हयात असताना मिशा उतरवायच्या कशा? ते ऐकून आपण हसतो. पण ज्या समाजात नटाची मिशी गेली तर अपशकुन आणि बाई पडद्यावर आली तर बदनामी, तिथे तारामतीला मिशा असणंच स्वाभाविक होतं. १९१७च्या 'लंका दहन'मध्ये तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. स्वतःच स्वतःला पळवून न्यायचं तेवढं बाकी होतं.

साळुंकेचं काम वाईट होतं का? मुळीच नाही, तो लोकप्रिय होता. आणि बालगंधर्वांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्यासारखं लुगडं नेसावं, त्यांच्यासारखा अंबाडा घालावा म्हणून पांढरपेशा घरातल्या बायका धडपडत होत्या. कला खरीच होती, हे मी हात जोडून मान्य करते. पण त्या कलेच्या आधाराने केले जाणारे दावे आठवून पाहा. घरंदाज बायका येतच नाहीत, मग आम्ही काय करणार? आल्या तरी बाईचं मार्दव पुरुष नट दाखवतो तसं त्यांना दाखवता येणार नाही. प्रेक्षकांना हेच आवडतं. आज कास्टिंगवाल्यांना विचारा. काळ्या मुली ऑडिशनला येतच नाहीत. आल्या तरी लीड पेलणार नाहीत. प्रेक्षकांना ओळखीचा चेहरा लागतो. शंभर वर्षांत एक शब्द बदललेला नाही, नुसती 'बाई'च्या जागी 'काळी' आली.

आणि ते दावे कसे निकालात निघाले? कोणी बालगंधर्वांवर बंदी घातली नाही. फाळक्यांनीच त्याच १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांना आणलं. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर आल्या. पुढे खुद्द बालगंधर्वांबरोबर गोहरबाई स्त्रीभूमिका करू लागल्या. बायका आल्या, उभ्या राहिल्या, आणि बाईचं काम बाईला जमत नाही हे वाक्य म्हणताना लोकांनाच लाज वाटू लागली. आज एखाद्या नटाने स्त्रीभूमिका केली तर आपण तिच्याकडे कला म्हणून पाहू शकतो, कारण त्याने कोणाची जागा अडवलेली नसते. ही मोकळीक बायका रंगमंचावर आल्यामुळे मिळाली.

आंधळ्याच्या भूमिकेचं उदाहरण इथे लंगडं पडतं. डोळस नटाला दहा भूमिका मिळतात, त्यातली एक आंधळ्याची. काळ्या अभिनेत्रीचं गणित उलटं आहे. नऊ नायिका तिला मिळत नाहीत कारण ती काळी आहे. दहावी तर काळीच हवी आहे. तीही तिला मिळत नाही! मग तिने करायचं काय? मोलकरणीचं काम, गर्दीतलं काम, तुरुंगातल्या दृश्यात मागे बसायचं काम.

ती असते कुठे, ते मी एकदा जवळून पाहिलं. घोडबंदर रोडच्या बाजूला एका मालिकेचं शूटिंग होतं. माझी मैत्रीण तिथे संवाद लिहायची, तिच्याबरोबर गेले होते. वर जिचं नाव घेतलं ती मालिका ही नव्हे, आणि हिचं नाव सांगण्यात काही हशील नाही. मेकअपरूममध्ये त्या दिवशी नेहमीचा शेड संपला होता. मेकअपदादा दोन बाटल्या मिसळून नवा शेड बनवत होते, पण आदल्या दिवशीच्या फोटोशी तो जुळेना. कधी लालसर दिसायचा, कधी राखाडी. मग त्यांनी न वळताच हाक मारली, "अगं, हात दे जरा." केस विंचरणारी मदतनीस पुढे आली आणि तिने कोपरापर्यंत हात आरशासमोर धरला. चांगला घोटीव, चकचकीत काळा हात. दादांनी तिच्या मनगटाशेजारी ब्रशने एक रेघ ओढली, पाहिली, थोडा पिवळा घातला, पुन्हा ओढली. तिसऱ्या रेघेला रंग जुळला. "बस, हाच." मग तो रंग नायिकेच्या कपाळावर, गालांवर, मानेवर, कानांच्या मागे, बोटांच्या पेरांपर्यंत चढला. मदतनीस ओल्या कापसाने मनगटावरच्या रेघा पुसून पुन्हा केसांकडे वळली. नायिका स्वभावाने चांगली होती, थँक यू म्हणाली. कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण असल्या वादात आपण लगेच खलनायक शोधायला लागतो. त्या खोलीत खलनायक कोणी नव्हता. रंग मात्र होता, आणि तो जिचा होता तिच्यासमोर कॅमेरा नव्हता.

प्रेक्षकाचं काय? त्याला हे सगळं माहीत असतं. हीच अभिनेत्री पुरस्कार सोहळ्यात आणि मुलाखतीत स्वतःच्या रंगात येते. म्हणजे रोज रात्री जिच्यासाठी आपण हळहळतो ती 'खरी' काळी नाही, हा दिलासा कायम हाताशी असतो. हे तंत्र आपल्याकडे कोणी रुजवलं? गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींनी. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आलं, आणि त्या जाहिरातींतली 'आधीची' आणि 'नंतरची' मुलगी एकच असायची, आधी काळवंडवलेली आणि नंतर उजळवलेली. काळी ही गोरीचीच एक बिघडलेली अवस्था आहे, आत कुठेतरी गोरी दडलेली आहे, हा त्यातला खरा मजकूर. एका जाहिरातीत तुटपुंज्या पगारावर घर चालेना म्हणून बाप म्हणतो, मुलगा असता तर! मग मुलगी क्रीम लावते, उजळते, हवाईसुंदरी होते. जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी लावून धरल्या आणि २००३ साली त्या पडद्यावरून गेल्या. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, जगभर आंदोलनं उसळली, तेव्हा कुठे नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. त्यातही गंमत बघा: बायकांचं क्रीम 'लव्हली', पुरुषांचं 'हँडसम'. रंग लपवला, वाटणी तशीच ठेवली. मालिकेतली काळी नायिका त्या जाहिरातीतल्या 'आधीच्या' मुलीची सख्खी बहीण आहे. फक्त तिचं 'नंतर' मालिकेबाहेर, सोहळ्यात घडतं.

इथे कोणीतरी हमखास विठ्ठलाला उभं करतं. आमचा देवच काळा, आम्ही कसला रंगभेद करणार? मला हा युक्तिवाद आवडतो, कारण करणारा तो मनापासून करतो. सावळेपणावर एवढं प्रेम करणारी भाषा मलाही दुसरी माहीत नाही. पण एक बघा. सावळा विठ्ठल, घननीळ कृष्ण, मेघश्याम राम. हे सगळे पुरुष, आणि वर देव. त्यांना कोणाला पसंत पडायचं नाही. द्रौपदीचं एक नाव कृष्णा आहे, ते तिच्या रंगावरून. घरोघरीच्या तसबिरीत ती काळी पाहिलीत कधी? राजा रविवर्म्याने १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या स्वस्त चित्रांनी लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती भिंतीभिंतीवर पोचल्या. नऊवारी नेसलेल्या, भरल्या अंगाच्या आणि गोऱ्या. त्यामुळे कनिष्ठ मानलेल्या माणसांच्याही घरात देव आला, हे त्या छापखान्याचं मोठं काम, ते मी नाकारत नाही. पण सुंदर बाई कशी दिसते याचा साचाही तिथेच घट्ट झाला. रंगाच्या बाबतीत आपण बाई आणि पुरुष यांना दोन वेगळ्या तागड्या वापरतो. काळा मुलगा 'रांगडा', 'सावळा पण तरतरीत'. दादाकडे मागायची ती वहिनी मात्र 'गोरी गोरी पान'. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या आपण काळ्या सुनेला काय म्हणतो, ते एकदा कोणत्याही स्वयंपाकघरात कान देऊन ऐकावं.

उरला बाजार. प्रेक्षकांना गोरंच लागतं, आम्ही तरी काय करणार, हे म्हणणाऱ्यांनी स्मिता पाटीलचं काय करायचं ते सांगावं. सत्तरच्या दशकात तिने मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचल्या, सावळ्या रंगाने, मोठ्या डोळ्यांनी, आणि लोकांनी संच बंद केले नाहीत. २०१६ साली 'सैराट'ने मराठी सिनेमाच्या कमाईचे जुने हिशेब मोडले, तेव्हा अकलूजच्या शाळकरी पोरीला कोणी शेडकार्ड लावून पाहिलं नव्हतं. 'फँड्री'तल्या जब्याला गोरं होण्याची केवढी आस असते, आणि ती पाहताना आपल्या घशात काही अडकतं, कारण तो जब्या रंगवलेला नाही. तिथे गोऱ्या पोराला काळं करून उभं केलं असतं, तर शेवटी त्याने भिरकावलेला दगड आपल्याला लागला असता का?

हे अपवाद आहेत, असं कोणी म्हणेल. आहेतच. दुर्गाबाई कामतही अपवादच होत्या.

आणि रंगवण्याची ही हौस फक्त नायिकेपुरती नाही. झोपडपट्टी दाखवायची, आदिवासी दाखवायचा, गावकुसाबाहेरचं माणूस दाखवायचं, की तपकिरी बाटली बाहेर येते. 'सुपर ३०'मध्ये हृतिक रोशनला असंच करपवलं होतं. जात म्हणजे वंश नाही हे बाबासाहेबांनी सांगून ऐंशी-नव्वद वर्षं झाली, पण मेकअपरूममध्ये रिस्लीसाहेब अजून बसलेले आहेत. कातडी पाहून जात ओळखता येत नाही, म्हणून आम्ही ती ओळखता येईल अशी रंगवून देतो. हे मला नायिकेच्या प्रश्नाहूनही गंभीर वाटतं, आणि यावर प्रोमोच्या वेळी चार दिवसांचं भांडणसुद्धा होत नाही.

मी स्वतः या शिडीवर मधल्या पायरीवर आहे. माझ्या लग्नाच्या वेळी आईने माहितीपत्रकात जात-पोटजातीखाली 'वर्ण' या रकान्यात 'गव्हाळ' लिहिलं होतं, मोठ्या काकूंनी ते खोडून 'निमगोरी' केलं. "फोटो स्टुडिओतला पाठवतोय ना, मग झालं," म्हणाल्या. स्टुडिओवाल्यानेही न सांगता दोन दिवे जास्त लावले होते. एक स्थळ त्या फोटोवर आलं, चहापोहे झाले, आणि निरोप आला की मुलगी फोटोपेक्षा वेगळी आहे. काकूंना वाईट वाटलं. मला, खरं सांगायचं तर, थोडं हसू आलं.

त्या सेटवर पॅकअप झाल्यावर मैत्रिणीची वाट पाहत मी मेकअपरूमच्या दारात उभी होते. नायिका आरशासमोर बसून रंग उतरवत होती, एकामागून एक ओले टिश्यू, आधी गडद तपकिरी, मग फिके, मग जवळजवळ पांढरे. मदतनीस ते गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत टाकत होती. मी विचारलं, तुम्हाला कधी वाटलं नाही का समोर उभं राहावं? तिने पिशवीची गाठ मारली, मनगटाने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "नववीत नाटकात होते ना मी. काम चांगलं झालं होतं. राक्षसीण होते."